एका जोडणीस दोन कारभारी

पावसाळ्यात निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत विजेची ये-जा चालू असते. वीज परतली की शाळेतील अथवा ग्रामपंचायतीतील संगणक पुन्हा सुरू केला जातो. क्वचित तो दोन मिनिटे पडद्यावर एकच ओळ दाखवीत अडून राहतो, किंवा सुरू होऊनही इंटरनेट लागत नाही. उताऱ्यासाठी आलेला शेतकरी बाहेर ताटकळतो आणि दोष तारेवर ढकलला जातो. संगणक लिनक्स प्रणालीचा असल्यास दोष पुष्कळदा आतच असतो.

लिनक्समध्ये जोडणीची व्यवस्था पाहणाऱ्या आज्ञावली एकाहून अधिक आहेत. डेबियन शाखेतील 'इफअपडाउन' जुनी; 'नेटवर्क मॅनेजर' २००४ साली रेड हॅटने आणला; 'सिस्टिमडी-नेटवर्कडी' त्यानंतरची. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवर बेतलेली आहे. यांतील प्रत्येक आज्ञावली आपल्या जागी उत्तमच. परंतु दोन एकाच वेळी जाग्या झाल्या की एका पाटावर दोन पाटकरी नेमल्यासारखे होते. एक कार्डास कायमचा पत्ता देते, दुसरी राउटरकडे नवा मागते. कोणती आधी उठेल याचा नेम नसल्यामुळे आज बिघाड तर उद्या सुरळीत, असा प्रकार घडतो. दोन मिनिटांच्या खोळंब्याचे कारणही हेच होय. नेटवर्कडीची प्रतीक्षा-सेवा आपल्या ताब्यातील जोडणीची १२० सेकंद वाट पाहते. जोडणी मात्र नेटवर्क मॅनेजरच्या हाती गेलेली असते.

'नेटवर्कसीटीएल' व 'एनएमसीएलआय डिव्हाइस' या आज्ञा देऊन पाहावे. एकच कार्ड दोन्हींच्या ताब्यात दिसल्यास तंटा उघड झाला. नेटवर्क मॅनेजर कार्डास 'अनमॅनेज्ड' म्हणत असेल, तर डेबियनवर त्या कार्डाची नोंद बहुधा जुन्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये सापडते. मग खिडकीतून कितीही बदल केले तरी व्यर्थ.

उपाय एकच: एक कारभारी ठेवावा. कार्यालयातील साध्या संगणकास नेटवर्क मॅनेजर पुरेसा आहे. दुसरी सेवा 'डिसेबल' केल्याने ती आपण होऊन सुरू होत नाही, पण अन्य सेवा तिला उठवू शकते. 'मास्क' केल्यास तो मार्गही बंद होतो. त्यापूर्वी पत्ता, गेटवे व डीएनएस यांचे आकडे कागदावर उतरून घ्यावेत. हे काम संगणकासमोर बसूनच करावे. बेळगावहून दूरस्थ पद्धतीने केल्यास मध्येच जोडणी तुटून तंत्रज्ञाचाच हात तुटतो. शेवटी संगणक दोन-तीनदा बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण हा दोष एका वेळी लपून राहू शकतो.