डायनोसॉरच्या नखाची प्रतिकृति

सुशिक्षित कुटुंबांतील कांचेच्या कपाटांत शंखशिंपल्यांच्या शेजारीं कधीं कधीं एक वीतभर लांबीचें, वांकडें, तपकिरी नख मांडलेलें आढळतें. तें एखाद्या प्रचंड मांसाहारी डायनोसॉरच्या नखाची प्रतिकृति असते. कोणी तिला अस्सल मानतात, कोणी खोटी म्हणून तिची हेटाळणी करितात. दोन्ही समजुती टाकून तिच्यापासून काय शिकतां येतें, तें पाहणें बरें.

पोळ्याला बैलांचीं शिंगें रंगविणाऱ्या वऱ्हाडास या नखाची रचना समजणें कठीण नाहीं. शिंगाच्या आंत हाडाचा गाभा असतो व त्यावर टणक आवरण असतें. डायनोसॉरचें नखहि तसेंच होतें. आवरण बहुधा कुजून गेलें. गाडलेल्या हाडांत मात्र खनिजें मुरून त्याचा दगड झाला. म्हणून प्रतिकृतींत दिसतो तो नखाचा गाभा होय. जिवंतपणीं नख याहून लांब व तीक्ष्ण होतें.

मूळ अश्मावर रबराचा साचा घेऊन त्यांत प्लॅस्टर किंवा राळ ओततात व वर रंग देतात. मुळांतील बारीकशी चीरहि तींत उतरते. उतरत नाहीं ती एकच गोष्ट: मूळ नख कोठें व कशाच्या शेजारीं पडलें होतें, ही हकीकत.

या हकीकतीचें मोल एका उदाहरणानें पटेल. 1983 सालीं इंग्लंडांतील सरे परगण्यांत विल्यम वॉकर यांस मातीच्या खाणींत एक प्रचंड नख मिळालें. बाकावरून मोजतां तें सुमारें 31 सेंटिमीटर भरलें. नुसतें नख पाहतां तें मोठीं जनावरें फाडण्याचें हत्यार वाटावें. परंतु तेथेंच पुढें सांगाडा निघाला, व त्याच्या पोटाच्या जागीं माशांचे खवले आढळले. 1986 सालीं त्या प्राण्यास ‘बॅरिऑनिक्स’, म्हणजे ‘जड नखाचा’, असें नांव मिळालें. तो मासे खात असे, हें नखानें नव्हे, शेजारच्या खवल्यांनीं सांगितलें.

आपल्याकडील गोष्ट निराळी आहे. गुजराथेंत रहियोली येथें मिळालेल्या हाडांवरून 2003 सालीं ‘राजासौरस नर्मदेन्सिस’ या मांसाहारी डायनोसॉरचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याच्या कुळांतील अर्जेंटिनाच्या ‘कार्नोटॉरस’चे हात अगदींच तोकडे होते. तेव्हां हाताचें भलें मोठें नख दाखवून कोणी तें राजासौरसचें म्हणेल, तर शंका घेणेंच योग्य.

प्रत्यक्ष वऱ्हाडांतहि हा विषय परका नाहीं. अमरावती जिल्ह्यांत, मोर्शी तालुक्यांतील सालबर्डीच्या परिसरांत, काळ्या पाषाणाखालीं लॅमेटा नांवाचे थर आहेत. अकोला-अमरावतीची काळी माती ज्या लाव्हारसाच्या खडकापासून झाली, त्याच्याहि आधींचे हे थर होत. तेथून डायनोसॉरच्या पुढच्या पायाच्या एका हाडाची नोंद 2013 सालीं झाली; पुढें अंड्यांचें घरटेंहि प्रसिद्ध झालें.

महाशिवरात्रीस सालबर्डीला जाणाऱ्यानें तेथील चमत्कारिक दगड आठवण म्हणून पिशवींत घातला, तर घरीं येतो तो केवळ दगड. शेजारचा पुरावा तेथेंच तुटतो. तो जागच्या जागीं राहूं द्यावा व जवळच्या विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागास कळवावें.

कपाटाची हौस प्रतिकृतीनें खुशाल भागवावी. मात्र तिच्याखालीं प्राण्याचें नांव, मूळ सांपडल्याचें ठिकाण व वर्ष लिहिलेली चिठ्ठी असावी. मुलांनीं नखाआधीं ती चिठ्ठी वाचावी.