गांवचें सामायिक शीतपात्र : उपयोग आणि निगा

शहरांतील गृहिणी दूध तापवावयास ठेवते आणि एखाद्या दिवशीं तें फाटतें. मग दोष कधीं दूधवाल्याला दिला जातो, कधीं उन्हाळ्याला, तर कधीं घरांतील पातेल्याला. परंतु तें दूध ज्या गांवाहून आलें, तेथील एका भांड्याचा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तें भांडें म्हणजे अनेक घरांचें दूध एकत्र करून थंड ठेवणारें शीतपात्र. गांवकरी त्याला ‘बल्क कूलर’ म्हणतात. हें पात्र वापरावें कसें आणि त्याची निगा राखावी कशी, याविषयीं आज धाराशिव जिल्ह्याच्या निमित्तानें चार शब्द सांगावयाचे आहेत.

धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला सरकारी दप्तरांत उस्मानाबाद म्हणत तो जिल्हा, बालाघाटाच्या डोंगररांगांवर आणि अवर्षणाच्या पट्ट्यांत वसलेला आहे. पावसाचा भरंवसा नाहीं, म्हणून शेतीला दुभत्याची जोड हवी. आणि वैशाखांत पारा ४० अंश सेंटिग्रेडच्या वर चढतो, म्हणून दूध टिकविण्याची विवंचना ठेवलेलीच. या विवंचनेवर तेथील लोकांनीं पूर्वींच एक तोड काढली. ती म्हणजे खवा. भूम तालुक्यांतील कुंथलगिरी हें जैनांचें सिद्धक्षेत्र म्हणून जसें विख्यात आहे, तसें तें खव्या-पेढ्यांसाठींही प्रसिद्ध आहे. तेथील खव्याला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. म्हशीचें सुमारें ४ ते ५ लिटर दूध आटवावें, तेव्हां १ किलो खवा पदरांत पडतो. दुधांतील बहुतेक पाणी उडून गेल्यामुळें खवा दुधापेक्षां पुष्कळ अधिक टिकतो. भट्टी जें काम उष्णतेनें करते, तेंच शीतपात्र थंडीनें करतें. मात्र येथें दूध दूधच राहतें आणि शहरापर्यंत पोंचतें.

आतां थंडीची गरज कां, तें पाहूं. धार काढतांना दूध सुमारें ३८ अंश उष्ण असतें. त्या उबेंत जंतूंची संख्या अर्ध्या तासांत दुप्पट होऊं शकते. एकाचे दोन, दोहोंचे चार, या हिशेबानें पांच तासांत एका जंतूचे हजारावर जंतु होतात. ताज्या दुधांत त्यांना थोपवून धरणारी कांहीं नैसर्गिक शक्ति असते, परंतु उन्हाळ्यांत ती दोन-तीन तासांतच ओसरते. उलट दूध ४ अंशांपर्यंत उतरविलें, तर ही वाढ अतिशय मंदावते. तथापि थंडी जंतूंना मारीत नाहीं. ती त्यांना नुसतें निजवते. कांहीं जाति तर थंडींतही जाग्या राहतात, आणि त्यांनीं निर्माण केलेलीं ‘एंझाइम’ नांवाचीं द्रव्यें दूध उकळल्यावरही पुरतीं नष्ट होत नाहींत. तेव्हां शीतपात्र दूध शुद्ध करतें ही समजूत सर्वस्वीं चुकीची आहे. दूध जसें आंत गेलें, तसें कांहीं काळ राखणें, एवढेंच त्याचें काम.

या पात्राची रचना साधी आहे. गंज न चढणाऱ्या पोलादाची दुहेरी भिंतीची टांकी, दोन भिंतींच्या मध्यें उष्णतारोधक थर, तळाशीं थंडावा देणाऱ्या नळ्या, वर दूध हळूहळू ढवळणारें पंख्यासारखें पातें, आणि शेजारीं आपल्या घरच्या फ्रीजमध्यें असतो तसाच, परंतु मोठा कॉम्प्रेसर. मोठ्या दुग्धालयांत याहून वेगळी युक्ति वापरतात. पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक रचून एका फटींतून दूध व शेजारच्या फटींतून थंड पाणी उलट दिशेनें वाहवितात. हें पत्र्यांचें यंत्र रिचर्ड सेलिगमन यांनीं १९२३ मध्यें इंग्लंडांत दुधासाठींच सिद्ध केलें. पुढें बीअर करणाऱ्यांनींही तें उचललें. कारण जवाचा गोड काढा उकळून झाल्यावर तोही असाच झपाट्यानें निववावा लागतो. दूध काय किंवा काढा काय, पौष्टिक रस कोमट राहिला कीं तो जंतूंचें आयतें पक्वान्न होतो.

दूध निवविण्यास किती सामर्थ्य लागतें, याची कल्पना एका हिशेबावरून येईल. ५०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर बर्फानें आणावयाचें म्हटलें, तर सुमारें १८५ किलो बर्फ वितळावा लागेल. एवढें काम यंत्रानें साधारणपणें तीन तासांत उरकावें अशी अपेक्षा असते. म्हणून वीज गेल्यास चालविण्यासाठीं जनित्र हवें, आणि त्यांत डिझेल आहे कीं नाहीं हें वीज जाण्यापूर्वीं पाहिलेलें असावें.

वापरण्याचे नियम थोडेच आहेत, पण ते काटेकोर पाळावे लागतात. टांकींतील दूध ढवळणाऱ्या पात्यापर्यंत पोंचल्यावांचून यंत्र चालूं करूं नये; तसें केल्यास तळाचें दूध गोठून बसतें. पातें बंद ठेवूनही गारवा देऊं नये. वर साय धरते, खालीं बर्फ धरतो आणि तापमापक भलताच आंकडा दाखवितो. उलट तें अखंड फिरवीत राहिल्यास लोणी सुटूं लागतें. आणखी एक गोष्ट. टांकींत संध्याकाळचें ३०० लिटर दूध ४ अंशांवर आहे आणि सकाळचें ३५ अंशांचें १०० लिटर त्यांत एकदम ओतलें, तर मिश्रण जवळजवळ १२ अंशांवर जातें. मिश्रणानें १० अंशांची मर्यादा ओलांडूं नये. म्हणून यंत्र चालूं ठेवून सकाळचें दूध थोडथोडें घालावें.

निगेचा खरा कस धुण्यांत लागतो. टॅंकर दूध घेऊन गेला कीं तत्काळ टांकी कोमट पाण्यानें विसळावी. येथें कढत पाणी उपयोगाचें नाहीं, कारण त्यानें दुधांतील प्रथिनें भांड्याला चिकटून बसतात. नंतर गरम पाण्यांत धुण्याचें क्षारयुक्त द्रव्य मिसळून मऊ ब्रशानें तळ, कोपरे, पात्याची मागील बाजू, झांकण आणि विशेषतः दूध बाहेर काढण्याची तोटी घासावी. तारेची घासणी मुळींच वापरूं नये. तिनें पडलेल्या ओरखड्यांत जंतु घर करतात. मराठवाड्यांत बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांतील क्षार व दुधांतील चुना मिळून पोलादावर पांढरट खर धरतो. म्हणून आठवड्यांतून एकदां सौम्य आम्लानें धुवावें. शेवटीं, नवें दूध घेण्यापूर्वीं थोडा वेळ, क्लोरीनच्या सौम्य पाण्यानें टांकी निर्जंतुक करून तें पाणी पूर्णपणें निथळूं द्यावें. मात्र आम्ल आणि क्लोरीन यांची गांठ कधींही पडूं देऊं नये. त्यांतून विषारी वायु निघतो.

यंत्राच्या मागील जाळीकडेही लक्ष हवें. दुधांतून काढलेली उष्णता याच जाळीवाटे बाहेर टाकली जाते. तिच्यांत धूळ आणि कडब्याचा भुसा अडकला, तर वीज तेवढीच जळते आणि गारवा मात्र उतरत नाहीं. म्हणून जाळी आठवड्यास साफ करावी, यंत्र सावलींत ठेवावें, आणि जाळी व भिंत यांमध्यें वारा खेळेल इतकें अंतर सोडावें.

येथवरचें काम एकटा मनुष्य करूं शकेल. परंतु हें पात्र एकट्याचें नाहीं, आणि खरी अडचण तेथेंच आहे. समजा, साठ घरांचें ५०० लिटर दूध टांकींत आहे आणि एका घरचें आठ लिटर आंबूं लागलेलें दूध त्यांत गेलें. आतां तीं आठ लिटर वेगळीं काढतां येणार नाहींत. टांकी नाकारली गेली, तर एका म्हशीवर घर चालविणाऱ्या विधवेचें दोन लिटर निर्मळ दूधही त्यांतच बुडालें. म्हणून प्रत्येक किटलींतील दूध ओतण्यापूर्वींच पाहिलें पाहिजे. वास घ्यावा, शंका आल्यास थोडेंसें उकळून पाहावें. जनावराला औषध टोंचलें असेल, तर वैद्यानें सांगितलेले दिवस तें दूध केंद्रावर आणूंच नये. शेजाऱ्याची किटली परत करणें हें मोठ्या संकोचाचें काम आहे. म्हणून तें एकाच्या मर्जीवर न सोंपवितां सर्वांसाठीं एक नियम करावा, आणि तो सरपंचाच्या किटलीलाही लागू असावा.

त्याचप्रमाणें भिंतीवर एक वही टांगलेली असावी. दूध किती वाजतां आलें, किती अंशांवर होतें, तें ४ अंशांवर केव्हां आलें, टांकी कोणी धुतली, हें रोज लिहून खालीं सही असावी. ‘सर्वांनीं धुवावें’ असें ठरलें कीं कोणीच धुवीत नाहीं. ज्याच्या नांवाची पाळी लिहिलेली असते, तोच हात घालतो. दुरुस्तीसाठीं दर लिटरमागें थोडे पैसे आधींच बाजूला पडावेत. यंत्र भर उन्हाळ्यांत बंद पडल्यावर वर्गणी गोळा करूं लागलें, तर ती जमेपर्यंत दूध थांबत नाहीं.

श्रोतेहो, तुमच्या घरीं येणारें दूध सहसा याच वाटेनें येतें. वाटेंतील थंडीची सांखळी गांवकऱ्यांनीं कितीही जपली, तरी तिचा शेवटचा दुवा तुमच्या हातीं आहे. दूध आल्याबरोबर तापवावें किंवा फ्रीजमध्यें ठेवावें. तापविलेलें दूध तासन् तास कोमट ठेवूं नये. पातेलें गार पाण्याच्या परातींत ठेवून, ढवळून लवकर निववावें आणि मग फ्रीजमध्यें सरकवावें. कुंथलगिरीच्या बाजूला पहाटे उठून धार काढणाऱ्या आणि दुपारीं टांकी घासणाऱ्या हातांनीं थंडीच्या बळावर जो थोडा अवधि राखून ठेवलेला असतो, तो ओट्यावर वायां जाऊं न देणें, एवढा वांटा आपण सहज उचलूं शकतों.