चालते बेट

मुलांनो, तुम्ही बेटावरच राहता. बेट म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. पण दिवसा एका जागी उभे राहणारे आणि रात्री पुढे सरकणारे बेट तुम्ही कधी पाहिले आहे का? १९४२ साली असे एक बेट खरोखरच होते. ते बेट म्हणजे एक बोट होती!

तिचे नाव 'आब्राहम क्रैन्सन'. ज्या डच लोकांनी १५९८ साली आपल्या बेटाला 'मॉरिशस' हे नाव दिले, त्यांच्याच देशाच्या आरमारातली ही बोट. १९३६ साली ती हॉलंडमध्ये प्रथम पाण्यात उतरली. तिची लांबी सुमारे ५६ मीटर होती. समुद्रातील सुरुंग काढणे हे तिचे काम.

हा सुरुंग म्हणजे दारू भरलेला मोठा लोखंडी गोळा. तळाशी टाकलेल्या वजनाला तो तारेने बांधलेला असतो. म्हणून तो पाण्याखालीच तरंगत राहतो आणि वरून दिसत नाही. जहाज त्याला धडकले की मोठा स्फोट होतो. सुरुंग काढणारी बोट आपल्यामागे एक लांब, मजबूत दोर ओढत नेते. त्या दोराला कातऱ्या बसवलेल्या असतात. सुरुंगाची तार कातरीत सापडली की तुटते आणि गोळा वर येतो. मग खलाशी दुरूनच गोळ्या झाडून तो फोडतात. एक सुरुंग नजरेतून सुटला, तर मागून येणाऱ्या जहाजाचे काय होईल, याचा विचार करा!

'क्रैन्सन' जावा बेटावरील सुराबाया बंदरात असे. आज जावा इंडोनेशिया देशात आहे. तेव्हा तेथे डचांचे राज्य होते. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी आरमाराने जावाजवळच्या लढाईत डचांचा व त्यांच्या मित्रदेशांचा पराभव केला. उरलेल्या बोटींना ऑस्ट्रेलियाला निघून जाण्याचा हुकूम मिळाला. पण जायचे कसे? वर आकाशात जपानी विमाने घिरट्या घालत होती. 'क्रैन्सन'चा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. तोफाही थोड्याच. पळता येईना, लढता येईना.

तेव्हा खलाशांनी एक युक्ती केली. जवळच्या बेटांवर जाऊन त्यांनी झाडे व फांद्या तोडून आणल्या आणि सगळी बोट झाकून टाकली. जो भाग उघडा राहिला, तो खडकासारखा रंगवला. बोटीचे झाले हिरवेगार बेट! त्या भागात लहान बेटे पुष्कळ. त्यांत आणखी एक कोणाच्या लक्षात येणार?

मात्र बेट चालताना दिसले, तर शंका येणारच. म्हणून दिवस उजाडला की ते किनाऱ्यालगत नांगर टाकून स्तब्ध राहत. वरून विमान गेले तरी कोणी हलायचे नाही. अंधार पडला की नांगर उचलायचा आणि पुढे निघायचे. अशा रीतीने २० मार्च १९४२ रोजी बोट ऑस्ट्रेलियात पोहोचली. तिच्या जातीच्या ज्या बोटी सुराबायाहून तिच्याबरोबर निघायच्या होत्या, त्यांना मात्र ऑस्ट्रेलिया गाठता आले नाही.

पुढे काही महिने ती ऑस्ट्रेलियाच्या आरमारात होती. शत्रूच्या पाणबुड्यांपासून मालवाहू जहाजांचे रक्षण करणे, हे तिचे नवे काम. १९४५ साली युद्ध संपल्यावर तिमोर बेटावरील कुपांग बंदरातले सुरुंग काढायला तिलाच पाठवले. जुने काम पुन्हा हाती आले!

१९६० साली ती आरमारातून निवृत्त झाली. त्यानंतर अनेक वर्षे मुले तिच्यावर दर्यावर्दीपणाचे धडे घेत. १९९५ साली ती डेन हेल्डर या गावच्या आरमारी संग्रहालयाकडे आली. तेथे ती युद्धाच्या काळात होती तशी पुन्हा सजवण्यात आली. फक्त झाडे तेवढी नाहीत.