पारेख : नाण्याची परीक्षा, नावाची परीक्षा

शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठांत काय, किंवा अन्यत्र काय, आपल्या समाजाच्या पेढ्यांवरील पाट्या वाचल्या की पूर्वजांच्या व्यवसायांची यादीच समोर येते. कोठारी म्हणजे कोठाराचा अधिकारी, मेहता म्हणजे हिशेबनीस, दोशी म्हणजे कापडाचा व्यापारी. संस्कृतात ‘दूष्य’ म्हणजे वस्त्र. यांत ‘पारेख’ या आडनावाची कथा विशेष बोधप्रद आहे.

मूळ शब्द ‘परीक्षक’. मराठीतील पारख, पारखी हे त्याचेच भाऊबंद. पूर्वी अनेक टांकसाळींचे रुपये बाजारात एकाच वेळी चालत. पारेख नाणे तोली, कसोटीवर घाशी, वाजवून नाद ऐके आणि झिजलेल्या किंवा परमुलखातील नाण्यावर किती बट्टा कापावा हे ठरवी. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एक तोळा वजनाचा एकसारखा रुपया सुरू केला आणि पारखीची गरज हळूहळू ओसरली. काम गेले, नाव राहिले.

व्यवसायावरून ओळख सांगण्याची रीत या मुलखात प्राचीन आहे. मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढणारा मार्ग कल्याण बंदराला जुन्नरशी जोडीत असे. त्याच कल्याणचे दाते कान्हेरीच्या शिलालेखांत व्यापारी, सोनार, लोहार अशा व्यवसायांसह नोंदलेले आढळतात. दूर जर्मनीतही हेच घडले. तेथील सर्वाधिक प्रचलित आडनाव ‘म्युलर’ म्हणजे चक्कीवाला. ‘काउफमान’ म्हणजे आपल्यासारखाच व्यापारी.

गावोगावी चक्की होती, म्हणून सारे म्युलर एका रक्ताचे नव्हेत. पारेखही जैन, वैष्णव, पारशी अशा विविध समाजांत आढळतात. आडनाव पूर्वजाचे काम सांगते, कूळ सांगतेच असे नाही. म्हणून वंशावळ लिहिताना वा सोयरीक पाहताना केवळ आडनावावर विसंबू नये; मूळ गाव आणि गोत्र स्वतंत्रपणे विचारावे.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजनमापे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खऱ्याच्या जागी खोटे खपवणे, यांची गणना होते. पारेखाचा व्यवसाय बाजाराला याच दोषापासून जपण्याचा होता. ‘नावाला बट्टा लागणे’ असे आपण आजही म्हणतो, त्यातला बट्टा हा नाण्यावरचाच. आता नाणे कोणी वाजवून पाहत नाही. गिऱ्हाईक पाटीवरचे नाव मात्र पारखूनच पायरी चढते.

यंदा चोपडापूजनाच्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना मूळ गाव, गोत्र आणि घराण्याचा पहिला व्यवसाय विचारावा, आणि नव्या वहीच्या शेवटच्या पानावर तो टिपून ठेवावा.