मोठं झाड तोडायला कोणता चेनसॉ? फक्त सीसी बघू नका!

बाइक घेताना आपण आधी सीसी विचारतो. चेनसॉचं गणित वेगळं आहे, कारण हे इंजिन हातात धरून काम करायचं असतं. व्यावसायिक लोक वापरतात अशी तीन मॉडेल्स बघा (वजन बार आणि चेनशिवाय):

• स्टिल एमएस ५००आय: ७९.२ सीसी, ५ किलोवॅट, ६.२ किलो
• हस्कवर्ना ३९५ एक्सपी: ९३.६ सीसी, ४.९ किलोवॅट, ७.९ किलो
• स्टिल एमएस ८८१: १२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट, ९.९ किलो

गंमत बघा, ५००आय सीसीत सगळ्यात लहान, तरी ताकद ३९५ पेक्षा कमी नाही. यात कार्बुरेटर नाही, बीएस६ बाइकसारखं फ्युएल इंजेक्शन आहे. ८८१ लागतो तो खूप जाड बुंध्यांना आणि लांब बारला. दिवसभराच्या कामात मात्र दर किलोमागे मिळणारी ताकद महत्त्वाची, कारण थकलेल्या हातानेच चूक होते.

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की चेनसॉ क्षणात अंगावर उसळतो. यालाच किकबॅक म्हणतात. चेन ब्रेक मदत करतो, पण पूर्ण हमी देत नाही. म्हणून हे काम फक्त व्हिडिओ बघून करू नका. आधी जाणकाराकडून शिका.