वळणावरचे सोबती : लेखांक ७ – नांदगावच्या गाडीत भेटलेला माणूस

मागच्या आठवड्यात आपण रहबाम राजाकडे पाहिलं. गादीवर बसताच त्याने वडीलधाऱ्यांचा सल्ला बाजूला सारला, बरोबरीच्या पोरांचं ऐकलं आणि दहा वंश हातचे घालवले. ती राजाची गोष्ट होती. आज आपल्याच रुळांवरची एक गोष्ट सांगतो.

नागपूरहून पूर्वेला निघालेली गाडी भंडारा रोड, म्हणजे आपली वरठी, पुढे तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड करत राजनांदगावला जाते. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात या गाडीने नांदगावला निघाले होते. वय तिशी ओलांडलेलं, संस्कृतात मुरलेले, घरी पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा दत्तू. देशाला वर काढील असा धर्म कोणता, हा प्रश्न डोक्यात घोळत होता. नसेल तर आपणच एक स्थापावा इथवर मजल गेली होती. त्याच डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचा अमेरिकन मिशनरी होता.

दोघांचं बोलणं सुरू झालं ते कवितेवरून. उतरण्याआधी वॉर्डने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि तो वाचण्याचं वचन घेतलं. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. मंडळीत हा प्रसंग सांगताना सगळे या भाकितावरच थांबतात. मला मात्र त्याने मागितलेलं वचन जास्त मोलाचं वाटतं. त्याने होकार मागितला नाही, पत्ता घेऊन पिच्छा पुरवला नाही. फक्त वाचा म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. दिल्या शब्दाखातर टिळकांनी पुस्तक उघडलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते त्यांना खाली ठेववेना.

एका भेटीवर आयुष्य उलटत नाही. नंतरच्या काळात शंका विचारायला टिळकांना माणूस लागला. तो मिळाला मुंबईत : अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट. हेच ॲबट पुढे आपल्या संतांची चरित्रं आणि काव्य इंग्रजीत नेण्यासाठी वर्षानुवर्षं खपले. ज्याला महिपती आणि तुकाराम परके वाटत नाहीत, त्याच्याजवळ ब्राह्मण घरातल्या कवीला आपली भाषा आणि आपली माणसं टाकून यावं लागेल अशी भीती वाटली नसावी, असा माझा कयास. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला तो टिळकांच्या आग्रहावरून एका देशी पाळकाच्या हातून. सोबत कोणाची घ्यायची, आणि ती कुठवर, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

पण एका माणसाला त्यांनी या सगळ्याच्या बाहेर ठेवलं. लक्ष्मीबाईंना. ज्या बाईने त्यांच्याबरोबर गावोगाव बिऱ्हाडं हलवली, उपास काढले, तिला नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी मागाहून कळली. तिचं काय झालं ते ‘स्मृतिचित्रे’त आहे; १९३४मध्ये पहिला भाग निघाला तेव्हापासून मराठी वाचक ती पानं विसरलेला नाही. टिळकांविषयी मला कितीही आदर असला तरी इथे ते चुकले, असंच मी म्हणेन. विश्वासातले नवे सोबती जोडताना घरातल्या सोबतिणीला अंधारात ठेवणं, याला धैर्य म्हणता येत नाही.

त्यानंतर पाचेक वर्षांची ताटातूट. त्या काळात लक्ष्मीबाईंना सांभाळलं ते त्यांच्या नातलगांनी, पंढरपुरासारख्या गावी. ही माणसं ख्रिस्ती नव्हती, टिळकांवर त्यांचा राग होता, आणि तरी त्या बाईला आणि तिच्या दत्तूला त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. शहाणा आणि विश्वासू सोबती फक्त आपल्याच मंडळीत सापडतो असं समजणाऱ्यांनी ही वर्षं पुन्हा वाचावीत.

मग लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. नांदगावच्या गाडीत वॉर्ड जसा वागला होता, तसे आता ते स्वतः वागले : घाई केली नाही. लक्ष्मीबाईंचं सोवळं आतूनच सुटत गेलं, आणि १९००मध्ये त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागे याच बाईने पुरं केलं.

प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात बर्णबा आहे. शौल बदललाय यावर यरुशलेमेत कोणाचा विश्वास बसत नव्हता, तेव्हा बर्णबाने त्याला आपल्याबरोबर प्रेषितांकडे नेलं. पुढे मार्कावरून दोघांचं इतकं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या. म्हणजे विश्वासू सोबती आयुष्यभर पुरतो असंही नाही. एखादा एका प्रवासापुरता असतो, एखादा अवघड दारापर्यंत पोचवण्यापुरता. त्याची पारख एवढ्यावरून करावी : तो तुम्हाला घाई करतो का, आणि तुमच्या घरच्यांपासून काही लपवायला सांगतो का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर होय असेल तर तो कितीही गोड प्रार्थना करो, त्याच्यापासून चार पावलं लांब राहावं.

भंडारा, तुमसर, साकोलीकडची आपली कुटुंबं मोजकी आहेत. शाळा संपली की पोरं नर्सिंगला नागपूरला, नोकरीला पुण्या-हैदराबादेला जातात, आणि रविवारी स्टेशनवर सोडून आलो की आपलं काम झालं असं आपण धरून चालतो. नव्या शहरात पहिल्या महिन्यात जो भेटतो तोच त्यांचा सोबती होतो. तेव्हा पाळकांना आणि वडीलमंडळींना विनंती आहे : पोर गाडीत बसण्याआधी त्या गावातल्या, आपल्या खात्रीच्या एका घराशी बोलून ठेवा, आणि पहिल्या दोन-तीन रविवारी त्या घरी फोन करून पोर पोचलं का ते विचारा.