तेज दिव्यांत कीं डोळ्यांत?

दिवसा झळकणारें तांबडें जास्वंद तिन्हीसांजेस काळवंडतें. शेजारची निळी गोकर्ण मात्र उजळ भासते. बोहेमियांत जन्मलेल्या पुर्किन्ये या शास्त्रज्ञानें हा पालट १८२५ सालीं प्रसिद्ध केला. भर उजेडांत डोळ्यांतील शंकूच्या आकाराच्या पेशी पाहण्याचें काम करतात. त्यांस हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो. अंधुक प्रकाशांत तें काम दंडाकार पेशींकडे जातें, आणि त्यांस तांबडा रंग जवळजवळ जाणवतच नाहीं.

म्हणजे उजळपणाचा निवाडा डोळाच करतो. संगणकाच्या सामान्य पडद्यावरील पांढऱ्या रंगाच्या उजळपणाचे १०० भाग कल्पिले, तर सुमारें ७२ हिरव्याचे, २१ तांबड्याचे व अवघे ७ निळ्याचे भरतात. काळ्या पडद्यावरील निळीं अक्षरें वाचतांना डोळे शिणले, तर तो दोष दृष्टीचा नव्हे. रंग निवडणाऱ्याचा होय.